नाव मोठे, जागा छोटी

समजा, मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची नावे हाताळणारा एक प्रोग्रॅम कुणीतरी काही वर्षांपूर्वी ‘सी’ भाषेत लिहिला आणि जिल्ह्याच्या नावासाठी मेमरीत 32 बाइट जागा राखून ठेवली. संगणकात मराठी साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-8 मध्ये, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, मग ते व्यंजन असो, काना असो की अनुस्वार. त्यामुळे ‘बीड’ 9 बाइटांत बसते आणि ‘परभणी’ 15 बाइटांत. सर्वांत ऐसपैस ‘उस्मानाबाद’, 30 बाइटांचे. शब्द संपल्याची खूण म्हणून लागणारा एक शून्य बाइट धरला तर 31. हिशेब जेमतेम, पण चोख होता. पुढे 2023 मध्ये दोन जिल्ह्यांची नावे बदलली. त्यातले ‘धाराशिव’ 21 बाइटांत सहज मावते; ‘छत्रपती संभाजीनगर’ला मात्र मधली मोकळी जागा आणि शेवटचा शून्य धरून 50 बाइट लागतात.

वरचे 18 बाइट कुठे जातात, हा या विषयाचा गाभा आहे. सी भाषेतली मजकूर उतरवून घेणारी जुनी फंक्शने समोर किती जागा आहे हे विचारतच नाहीत; शून्य बाइट दिसेपर्यंत ती लिहीत राहतात. राखीव जागेला ‘बफर’ म्हणतात आणि तिच्याबाहेर असे लिहिले जाणे म्हणजे बफर ओव्हरफ्लो. आता शेजारी काय असते ते पाहू. संरक्षणाची कोणतीही सोय नसलेल्या 64 बिटांच्या साध्या रचनेत 32 बाइटांच्या बफरला लागून 8 बाइटांची एक अंतर्गत नोंद असते आणि तिच्यापुढे 8 बाइटांत ‘परतीचा पत्ता’, म्हणजे हाती घेतलेले काम संपल्यावर प्रोसेसरने मेमरीत कोणत्या ठिकाणी परत जायचे ती नोंद. बाइट मोजत गेलो, तर परतीच्या पत्त्याच्या जागी ‘संभाजीनगर’मधला ‘न’, ‘ग’ आणि ‘र’चे पहिले दोन बाइट येऊन बसतात. प्रोसेसर त्यालाच पत्ता समजून तिकडे जाऊ पाहतो, तसा पत्ता अस्तित्वातच नसतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो.

हा झाला निव्वळ अपघात. पण नावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम असा मजकूर भरला, की नेमक्या त्या 8 बाइटांत त्याला हवा तो पत्ता पडावा, तर प्रोसेसर विनातक्रार त्याची आज्ञा पाळू लागतो. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर सोडलेल्या प्रोग्रॅमचा एक मार्ग हाच होता: युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एका सेवेने 512 बाइट जागा ठेवली होती, त्याने 536 बाइट पाठवले. ज्या ‘गेट्स’ नावाच्या फंक्शनमुळे हे साधले, ते सी भाषेच्या मानकातून वगळले गेले 2011 मध्ये! इतक्या उशिराचे समर्थन होऊ शकत नाही.

एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये अशी चूक असली, तर हल्लेखोराला त्या प्रोग्रॅमपुरतेच अधिकार मिळतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणेवर ताबा असलेल्या तिच्या गाभ्यात असली, तर सगळा संगणकच त्याच्या हाती जातो. विंडोजमध्ये फाइली इतर संगणकांना खुल्या करून देणाऱ्या एसएमबी या सेवेत अशीच एक चूक होती: एका यादीची लांबी 32 बिटांत नोंदलेली असे, पण ती दुरुस्त करताना त्यातले खालचे 16 बिटच बदलले जात, त्यामुळे यादी दिलेल्या जागेपेक्षा मोठी भासे आणि उरलेला मजकूर कर्नलच्या मेमरीत सांडे. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी दिली. 12 मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच वाटेने जगभर पसरला. मधल्या जवळपास दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतले नव्हते, त्यांच्यासाठी ते दार उघडेच होते.

आज कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, बफर आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये एक गुप्त आकडा ठेवतो. बांधावरचा हद्दीचा दगड सरकला की अतिक्रमण उघड व्हावे, तसा तो आकडा बदललेला दिसताच प्रोग्रॅम थांबवला जातो. मजकुरासाठी असलेल्या मेमरीतून आज्ञा चालवण्यास प्रोसेसर नकार देतो आणि पत्ते दरवेळी वेगळे ठेवले जातात. रस्टसारख्या भाषा लांबी तपासल्याशिवाय लिहूच देत नाहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये रस्टला डिसेंबर 2022 मध्ये प्रवेश मिळाला. तरीही सीमध्ये लिहिलेला जुना कोड अफाट आहे. लिनक्सवरच्या ‘सुडो’ या रोजच्या वापरातल्या आज्ञेत 2011 साली शिरलेला बफर ओव्हरफ्लो, कोड सर्वांना खुला असूनही, 2021 मध्ये उघडकीस आला.

म्हणून वापरणाऱ्याच्या हाती उरते ते अपडेट, आणि त्यातली एक गोम फारशी बोलली जात नाही. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून चूक नेमकी कुठे होती हे कोणताही जाणकार शोधू शकतो. म्हणजे दुरुस्ती न घेतलेला संगणक त्या दिवसापासून आधीपेक्षा जास्त धोक्यात येतो. तालुक्याच्या सेवा केंद्रात पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, बाहेर रांग, नेट मोबाइलवरून घेतलेले, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अशा वेळी चालक अपडेट पुढे ढकलतो, यात नवल नाही. पण त्याच संगणकावर गावोगावच्या शेतकऱ्यांचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन होऊन पडलेले असतात. विंडोज 7 ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट 14 जानेवारी 2020 रोजी थांबले, विंडोज 10 चे 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज 10 ची त्यापुढची मुदतवाढ आपोआप मिळत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. आणि विंडोज 11 च्या अटींत टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय असल्यामुळे बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत.