युद्धखेळ मेळावा आणि थाळनेरचा पट

युद्धखेळ मेळावा : धातूचे किंवा प्लॅस्टिकचे बोटभर सैनिक टेबलावर मांडून, मोजपट्टी आणि फाशांच्या आधारे लढाई खेळणाऱ्यांची जत्रा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे उभे करणाऱ्याला ही हौस वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की आपल्या अंगणात कुणी हरत नाही.

खेळाचे मूळ प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात आहे. राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा पट अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तयार केला. त्यात पंचाचा शब्द अखेरचा असे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये शिशाचे सैनिक आणि खेळण्यातल्या तोफा यांसाठी नियम छापले आणि खेळ दिवाणखान्यात आला. लंडनचा ‘सॅल्यूट’ हा मेळावा १९७२ पासूनचा.

अशा मेळाव्यात रंगांच्या बाटल्या, नियमांची पुस्तके, सुटे सैनिक यांची दुकाने असतात आणि जुन्या पलटणी विकायला काढलेले एखादे टेबलही असते. काही पट, म्हणजे टेबलावर मांडलेल्या लढाया, नुसते पाहायचे, काहींवर नवख्यालाही बसवून घेतात. विचारल्याशिवाय सैनिक उचलू नये. एकेकावर कुणाची तरी संध्याकाळ खर्ची पडलेली असते.

खानदेशी माणसाने मांडावा असा पट थाळनेरचा. मंदसोरच्या तहाने जानेवारी १८१८ मध्ये होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला, पण तापीकाठच्या या किल्ल्याने दरवाजे उघडले नाहीत. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉपच्या तोफा लागल्या. आत जायला एकामागोमाग पाच दरवाजे. किल्लेदार तुळशीराम मामा मधल्याच एका दरवाजातून बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून, म्हणजे त्यातल्या लहान दारातून, काही इंग्रज अधिकारी आत शिरले. बोलणी चालू असताना एकमेकांची भाषा न कळून गोंधळ झाला आणि अरब शिबंदीने त्यांच्यावर हत्यार चालवले. मग सुमारे तीनशे जणांची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या फाशीबद्दल ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले.

माणूस २८ मिलिमीटरचा धरला, तर साठ फुटी तट साधारण एक फूट उंच होतो, म्हणजे टेबलावर सहज मावतो. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची असईची लढाई (१८०३) या मापात पसरत जाते; तिला ६ मिलिमीटरचे सैनिक बरे. थाळनेरची अडचण मापाची नाही. दिंडीतला गैरसमज फाशांवर सोडला, तर तो निव्वळ नशिबाचा भाग होतो. त्यापेक्षा प्रशियन रीतीचा पंच बसवावा, दोन्ही बाजूंनी निरोपाच्या चिठ्ठ्या त्याच्याकडेच द्याव्यात आणि त्याने त्या अर्धवट वाचून दाखवाव्यात.

पटाच्या कडेला केळीच्या बागा लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लूटमारीने तेव्हाचा खानदेश ओस पडला होता. गावांच्या पांढरीवर रान माजले होते आणि वाघांचा उपद्रव होता. बाभळी, झुडपे, पडक्या भिंती आणि तापीची उंच मातीची दरड एवढे पुरते.