'अ लिटल प्रिन्सेस': सारा क्रूची मुंबई आणि तिच्या गोष्टींचं मूळ

नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मी मुलांना पुस्तक वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असलं तर समोर ठेवते आणि मराठीत सांगत जाते. या पावसाळ्यात फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची 'अ लिटल प्रिन्सेस' घेतली. पहिल्याच पानावर लंडनच्या धुक्यातून घोडागाडी चालली आहे, आत सात वर्षांची सारा क्रू बापाला टेकून बसली आहे आणि तिला नुकताच संपलेला प्रवास आठवतो आहे. मोठी आगबोट, पावलांचा आवाज न करता डेकवरून ये-जा करणारे खलाशी. आणि ती बोट निघाली होती मुंबईहून. मी 'मुंबई' म्हटलं तशी मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मावशी, ती मुंबईची, तर तिला मराठी यायचं?"

कादंबरीत या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. साराला हिंदुस्तानी येते. पुढे शेजारच्या घरातला रामदास नावाचा नोकर त्याचं माकड शोधायला छपरावरून तिच्या माळ्यावर येतो, तेव्हा ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते आणि त्या माणसाचा चेहरा उजळतो. पण ही भाषा तिला कोणी शिकवली? त्या भाषेतल्या गोष्टी तिने कोणाकडून ऐकल्या? त्याबद्दल पुस्तक फारसं बोलत नाही. ते शोधायला गेले आणि मँचेस्टरपासून आपल्या ठाणे स्टेशनापर्यंत एक धागा हाती लागला.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. कॅप्टन क्रू मुलीला लंडनमध्ये मिस मिंचिनबाईंच्या निवासी शाळेत ठेवून हिंदुस्थानात परततो. सारा श्रीमंत, लाडकी आणि विलक्षण गोष्टीवेल्हाळ. तिने सांगायला घेतलं की साधी हकीकतसुद्धा गोष्ट होऊन जाते. अकराव्या वाढदिवसाच्या मेजवानीतच बातमी येते की हिऱ्यांच्या खाणींत सगळा पैसा बुडाला आणि बाप तापाने गेला. त्याच दिवशी मिंचिनबाई तिला माळ्यावर पाठवते आणि मोलकरणीसारखी राबवू लागते. त्यानंतर तिच्याजवळ उरते ती फक्त कल्पना करण्याची ताकद. माळा म्हणजे फ्रान्समधला बास्तीयचा तुरुंग, आपण तिथले कैदी, असं ठरवून ती दिवस काढते.

बर्नेट जन्मली २४ नोव्हेंबर १८४९ रोजी, मँचेस्टरमध्ये. कापसाच्या गिरण्यांचं शहर. १८५३ मध्ये तिचे वडील वारले आणि घरचं दुकान आईने चालवायला घेतलं. त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी चौतीस किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे हा तपशील आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. मात्र हिंदुस्थानात रेल्वे व्हावी म्हणून विलायतेत ज्यांनी नेट लावला त्यांत मँचेस्टरचे गिरणीवाले होते, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांना दख्खनचा कापूस बंदरापर्यंत लवकर यायला हवा होता. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये कसाऱ्याचा घाट रुळांनी जोडला गेला. त्या दोन्ही वाटांचा माल ठाण्यावरूनच मुंबईला जाणार होता.

मधल्या काळात, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस मँचेस्टरला येईना. गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहू लागले. गिऱ्हाइकांच्या हातीच पैसा उरला नाही तेव्हा बर्नेटच्या आईचं दुकानही चालेनासं झालं. तिकडे गिरण्यांचे भोंगे थांबले आणि इकडे मुंबईत पैशाचा पाऊस पडू लागला, कारण आता सगळ्यांना आपलाच कापूस हवा होता. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदच्या काळातली ती प्रसिद्ध शेअरची लाट. बॅक बे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि रात्रीत गाद्या उलटल्या. त्याच १८६५ मध्ये बर्नेटची आई मुलांना घेऊन अमेरिकेत, टेनेसीत, मामाच्या आधाराला निघून गेली.

बर्नेटने मुंबईची ही पडझड मनात धरून कॅप्टन क्रूचं दिवाळं लिहिलं असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा माझ्यापाशी नाही. पण दूरच्या देशातल्या भावांवर आपलं घर उभं राहतं आणि कोसळतं, हे त्या मुलीने पंधरा वर्षांची होईपर्यंत अंगावर झेललं होतं. वाढदिवसाच्या मेजवानीत वकील येऊन 'काही उरलं नाही' म्हणतो तो प्रसंग वाचताना मला नेहमी वाटतं, हा केवळ कल्पनेतून आलेला नाही.

साराची गोष्टी सांगण्याची हातोटी मात्र सरळ बर्नेटची स्वतःची. आपल्या बालपणाच्या आठवणी तिने १८९३ मध्ये छापल्या. (आपल्या ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं तेही त्याच वर्षी, १ जूनला. मुलांना मी ही दोन सालं एकत्र लक्षात ठेवायला सांगितली.) शाळेत शिवणकामाच्या तासाला ती मैत्रिणींना गोष्टी रचून सांगायची, आणि कोरा कागद मिळायची मारामार असल्यामुळे स्वयंपाकघरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत उरलेल्या जागी लिहायची, असं त्या आठवणींत आहे. टेनेसीत गरिबी इतकी की पहिली कथा पाठवण्यासाठी कागद आणि तिकिटं घ्यायला रानद्राक्षं विकावी लागली. संपादकाला पत्रात तिने स्पष्ट लिहिलं की मला मोबदला हवा आहे. १८६८ मध्ये तिच्या कथा मासिकात छापून येऊ लागल्या आणि त्या पैशावर घर चाललं. सारा भुकेल्या पोटी गोष्टी रचते. बर्नेटने भुकेल्या घरासाठी रचल्या.

सारा प्रथम छापून आली ती 'सेंट निकोलस' या अमेरिकी मुलांच्या मासिकात, डिसेंबर १८८७ पासून क्रमशः. १८८८ मध्ये तिचं छोटं पुस्तक निघालं. आपल्याकडे विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' तेव्हा सहा-सात वर्षांचं झालं होतं. म्हणजे मुलांनी दर महिन्याला अंकाची वाट पाहावी, ही सवय तेव्हा दोन्हीकडे रुजत होती.

त्याच १८८८ मध्ये बर्नेटला कोर्टाची पायरी चढावी लागली. तिच्या 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय'वरून एकाने तिला न विचारता नाटक बसवलं होतं. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात कादंबरीचं नाटक करण्यावर लेखकाचा हक्क नव्हता. पण नाटकवाल्याने पुस्तकातले उतारे उतरवून संहितेच्या प्रती काढल्या होत्या, आणि त्या नक्कल करण्यावर बोट ठेवून न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंडच्या लेखकसंघाने तिला हिऱ्यांचं कंकण भेट दिलं. पुढे साराचं नाटक तिने स्वतः लिहिलं. ते १९०२ मध्ये लंडनला आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. ते चाललं तेव्हा प्रकाशकांनी तिला गोष्ट पुन्हा, पूर्ण लिहायला सांगितलं. १९०५ ची 'अ लिटल प्रिन्सेस' ती हीच.

या तीन टप्प्यांत काय बदललं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं वाटतं. १८८८ च्या पुस्तकात सारा खूपच एकटी आहे. तिच्या गोष्टी ऐकणारी म्हणावी अशी जवळजवळ एकच, अभ्यासात मागे असलेली अर्मेनगार्ड. नाटक लिहिताना बर्नेटला त्या शाळेतली इतर माणसं दिसू लागली. १९०५ च्या प्रस्तावनेत ती म्हणते की प्रत्येक गोष्टीच्या ओळींमध्ये आणखी एक गोष्ट असते, आणि लहानगी लॉटी, भुकेली मोलकरीण बेकी ही माणसं आपल्याला आधी माहीतच नव्हती. नाटकाला समोर प्रेक्षक लागतो, तसे साराला श्रोते मिळाले. बेकी शेगडीशी काम करता करता साराची जलपऱ्यांची गोष्ट ऐकते आणि हातातला ब्रश गळून पडतो, हे दृश्य त्यातूनच आलं. ज्यांच्याकडे लिहायला-वाचायला वेळही नाही आणि परवानगीही नाही, त्यांच्यापर्यंत गोष्ट कानावाटे पोहोचते. आमच्या हॉलमध्ये या जागी शांतता झाली होती.

आता मुंबई. सारासारखी मुलं खरोखर होती आणि पुष्कळ होती. हिंदुस्थानची हवा गोऱ्या मुलांना मानवत नाही असा समज होता. शिवाय त्यांनी इथल्या नोकरांची भाषा आणि रीत उचलू नये अशीही इच्छा असे. म्हणून पाच-सात वर्षांची झाली की त्यांना बोटीत बसवून 'घरी' पाठवत, आणि ते घर त्यांनी कधी पाहिलेलं नसे. 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. कला शाळेच्या आवारात, १८६५ मध्ये. १८७१ मध्ये त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी ठेवण्यात आलं आणि तिथे त्याचे फार हाल झाले. त्या छळाची कथा त्याने लिहिली तीही १८८८ मध्ये, साराचं पुस्तक निघालं त्याच वर्षी. त्याच्या आठवणींत एक जागा आहे. दुपारी झोपायच्या आधी आया किंवा घरचा गडी मीता त्याला गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे. मग कपडे चढवून आईबापांसमोर पाठवताना बजावायचे की आता इंग्रजीत बोल. आणि तो अडखळत इंग्रजी बोलायचा, कारण विचार आणि स्वप्नं दुसऱ्याच भाषेत चालायची.

हे वाचून दाखवल्यावर त्या मुलीला मी म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. साराची भाषा तिच्या आयाची. कादंबरीत ती आया एका वाक्यात येते, साराला जीव लावणारी म्हणून, आणि निघून जाते. तिला नाव नाही. खऱ्या आयांपैकी कित्येकींना साहेबाची मुलं सांभाळायला बोटीवरून विलायतेला नेत आणि काम संपलं की तिथेच सोडून देत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचं वसतिगृह चालवावं लागलं. ते आधी ऑल्डगेटला होतं, १९०० मध्ये हॅकनीत गेलं आणि २०२२ मध्ये त्या इमारतीवर निळी स्मृतिपाटी लागली.

बर्नेटचा हिंदुस्थान पुस्तकी आहे आणि ते मुलांना सांगितलंच पाहिजे. रामदासला ती 'लास्कर' म्हणते. हा शब्द 'लष्कर'वरून आला आणि बोटीवरच्या हिंदी खलाशांना लावला जाई, रत्नागिरीकडची कितीतरी माणसं त्यांत असत. रामदास तर घरगडी. फेटा, माकड, वाकून सलाम करणं, हे सगळं तिने बाहेरून पाहिलेल्या चित्रांसारखं आहे. सेवा करण्यापलीकडे त्याला स्वतःचं आयुष्य नाही. हिऱ्यांच्या खाणींचंही तेच. गोवळकोंड्याचे दिवस केव्हाच सरले होते, हिऱ्यांचा खरा व्यवहार दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला चालला होता. मला हे पुस्तक अतिशय प्रिय आहे, तरी रामदासच्या जागी मी दर वेळी थांबते आणि मुलांना विचारते, याच्या घरी कोण कोण असेल?

आयाचं मात्र एक नाव मला सापडलं. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. सोबत मुलगी मेरी आणि तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. वेळ जाईना म्हणून मेरीने आयाला गोष्टी सांगायला लावल्या. आयाने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी आठवून आठवून सांगितल्या, मेरीने त्या लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक झालं. राजे, राक्षस, सावत्र आई, बोलणारे प्राणी, सगळं आपल्या आजीच्या ओळखीचं. गोष्टींच्या आधी मेरीने ॲनाची स्वतःची हकीकतही तिच्याच तोंडून छापली आहे. म्हाताऱ्या माणसांना पूर्वी गोष्टी सांगायची भारी हौस असायची, आता त्यांना पैशाशिवाय काही सुचत नाही, अशी तक्रार ती त्यात करते.

पुढच्या शनिवारी साराचं पुस्तक एक दिवस बाजूला ठेवणार आहे. ॲनाची हकीकत मराठीत उतरवून काढली आहे. ती वाचायला मागच्या रांगेतल्या त्या मुलीने आत्ताच नंबर लावून ठेवला आहे.