१३८१ चं इंग्लंडमधलं बंड: प्लेगनंतर मजुराचा भाव वाढला आणि मग काय काय झालं

१३८१ च्या जूनमध्ये केंट आणि एसेक्सकडचे हजारो लोक लंडनमध्ये घुसले, राजाच्या काकाचा, जॉन ऑफ गाँटचा, सव्हॉय पॅलेस जाळला, आणि कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी, जो राजाचा चॅन्सेलर म्हणजे मुख्य मंत्रीही होता, त्याचं मुंडकं उडवलं. वाचून पहिल्यांदा वाटतं की उपाशी लोकं असणार, पेटून उठली. पण उपासमारच बघायची तर १३१५ ते १३१७ चा दुष्काळ बघा, पाऊस थांबेचना, पिकं कुजली, माणसं मेली, तरी एवढा भडका तेव्हा उडाला नव्हता. १३८१ ची माणसं त्यांच्या आजोबांपेक्षा बरं खात होती आणि माझ्या मते खरी भानगड तिथेच आहे.

तर आधी जरा मागे जाऊ. १३०० च्या सुमारास माणसं जास्त, जमीन कमी, त्यामुळे जमीनदार म्हणेल ते मुकाट ऐकायचं. गावातली बरीचशी कुळं 'व्हिलेन' म्हणजे भूदास. लॉर्डच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस वेठीला जायचं, सुगीत वरून जास्तीचे दिवस, पोरीचं लग्न करायचं तर लॉर्डला पैसे भरायचे, घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर त्याचं, आणि दळण पण त्याच्याच गिरणीवर. सेंट अल्बन्सच्या मठाने तर लोकांची दळायची जाती जप्त करून मठातल्या एका खोलीच्या फरशीत बसवून टाकली होती! (बंडात लोकांनी ती उखडली, फोडली आणि तुकडे चर्चच्या प्रसादासारखे आपसात वाटून घेतले. डूख किती धरला असेल बघा, जप्ती होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती.)

मग १३४८ ला प्लेग आला. दीड-दोन वर्षांत तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जमीन तेवढीच, ती कसणारे हात निम्मे. शेतं पडीक, गुरं राखायला माणूस नाही, आणि जो मजूर वाचला तो म्हणायला लागला की एवढे दिलेत तर येतो, नाहीतर शेजारच्या गावात जास्त मिळतात.

हे वरच्या लोकांना कसं झेपणार! १३४९ लाच राजाने हुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की मजुरी प्लेगच्या आधीच्या रेटनेच घ्यायची, म्हणजे गवत कापणाऱ्याला दिवसाला ५ पेन्स, सुताराच्या मिस्त्रीला ३ पेन्स, जास्त मागितले तर दंड नाहीतर कोठडी. अंमलबजावणीला जस्टिस म्हणजे न्यायाधीश नेमले आणि ते कोण, तर त्याच भागातले जमीनदार. १३६३ मध्ये तर कोणत्या दर्जाच्या माणसाने काय कापड घालायचं आणि काय खायचं याचाही कायदा झाला, तो दोनेक वर्षांत गुंडाळावा लागला. मजुरी काही फार दबली नाही, कारण गरज लागली की जमीनदार स्वतःच गुपचूप जास्त द्यायचे, पण दंड झाला की राग साठायचा तो साठायचाच.

त्यात फ्रान्सशी युद्ध, तेही हरत चाललेलं, आणि खजिना रिकामा. म्हणून डोईपट्टी. १३७७ ला माणशी ४ पेन्स, १३७९ ला ऐपतीप्रमाणे, आणि १३८० च्या शेवटी मंजूर झालेली सरसकट माणशी १२ पेन्स. लोकांनी सरळ घरातली माणसं लपवली, १३७७ च्या तुलनेत यादीतून लाखो नावं गायब! मग तपासणीला कमिशनर निघाले आणि ३० मेला ब्रेंटवुडमध्ये फॉबिंग गावच्या लोकांनी त्यांना हाकलून लावलं, तिथून वणवा पेटला.

बंडखोर कोण होते हेही बघण्यासारखं आहे. त्यात गावाचे कारभारी होते, कॉन्स्टेबल होते, थोडीफार जमीन राखून असलेले होते. जिथे गेले तिथे त्यांनी मॅनॉर कोर्टाची (जमीनदाराच्या जहागिरीतल्या कोर्टाची) दप्तरं शोधून शोधून जाळली, कारण कोण भूदास ते त्यातच लिहिलेलं. १४ जूनला लंडनजवळ माइल एंडला १४ वर्षांच्या राजाने, दुसऱ्या रिचर्डने, भूदासपणा रद्द करायचं कबूल केलं, दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बंडाचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला आणि जुलै उजाडताच दिलेल्या सनदा रद्द.

भूदासपणा त्यानंतरही कायद्याने कोणी उठवला नाही. पण मजुरांची टंचाई काही संपली नाही, मग जमीनदारच हळूहळू वेठ सोडून रोख खंडावर जमिनी द्यायला लागले, आणि पंधराव्या शतकात कूळ आपला हक्क दाखवायला मॅनॉर कोर्टाच्या दप्तरातल्या नोंदीची नक्कल पुढे करायला लागलं.