पेटीपॅक जुना माल आणि रीइश्यू: जुन्या इटालियन सायकलींच्या भागांमधला एक फरक

कंपान्योलो या इटालियन कंपनीच्या ब्रेक लिव्हरवरचं हुड, म्हणजे रबरी टोपण, मी डब्यातून काढलं, तेव्हा ते अगदी कोरं होतं. मधासारखा रंग, ठसठशीत उमटलेला लोगो, डागाचं नाव नाही. लिव्हरवर चढवायला दोन बोटांनी जरासं ताणलं आणि ते कडेने मारी बिस्किटासारखं तुटलं. जवळपास चाळीस वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. वापरलेलं नव्हतं हे खरं, पण नवंही नव्हतं.

जुन्या इटालियन रेसिंग सायकली पुन्हा उभ्या करणाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असतात. पहिला ‘न्यू ओल्ड स्टॉक’. त्या काळीच कारखान्यातून निघालेला, विकला न गेल्यामुळे दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला पेटीपॅक माल. दुसरा ‘रीइश्यू’. तेच नाव, तोच घाट, पण बनवलेला अलीकडे. दोन्ही चकचकीत असतात, दोन्ही पेटीत येतात आणि विकणारा दोन्हींना ‘कोरा’च म्हणतो. (कुणा तिसऱ्याच कारखान्याने केलेली नक्कल हा वेगळा विषय, तो इथे बाजूला ठेवतो.) फोटोत हे दोन प्रकार ओळखू येत नाहीत. सायकलवर चढवले की फरक लगेच कळतो.

रीइश्यूंना मागणी का आली, याचं एक मोठं कारण इटलीतल्या तोस्कानात आहे. १९९७ साली गायोले इन किआंती या गावातून ९२ जण जुन्या सायकलींवर पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर निघाले. तीच ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी. आज तिथे हजारो लोक येतात. सायकल १९८७च्या आधीची, गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या नळीवर, पेडलला टो-क्लिप (बूट धरून ठेवणारा पिंजरा) आणि पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या, असे तिथले नियम. म्हणजे या सायकली भिंतीवर टांगायच्या नसतात. चढावर जोर लावायचा असतो, उतारावर ब्रेक दाबायचा असतो. मग भाग दिसायला जुना हवा आणि कामाला धडधाकट हवा. जुना माल घ्यायचा की नव्याने काढलेला, हा प्रश्न तिथे रोजचाच.

माझ्या मते याचं उत्तर भाग कशाचा बनलाय त्यावर ठरतं.

रबर, फोम आणि गोंद कॅलेंडरप्रमाणे म्हातारे होतात, मग वापरा अथवा न वापरा. माझ्या हुडचं झालं तेच. चिकटवून बसवायच्या ट्यूब्युलर टायरचंही तेच होतं: आतलं सुती कापड वरून ठणठणीत दिसतं, पण खालची पट्टी सुटायला लागलेली असते आणि कडेचं लेटेक्स वाळलेलं असतं. पूर्वीचे मेकॅनिक ट्यूब्युलर टायर अंधाऱ्या, थंड जागी मुरवत ठेवायचे. ती गोष्ट खरी आहे, पण तो हिशेब काही महिन्यांचा, फार तर दोन-चार वर्षांचा. १९८२ सालचं पेटीपॅक टायर ‘छान मुरलंय’ असं कुणी सांगितलं तर हात जोडून निघा. उतारावर टायर रिमवरून सुटलं तर काय होईल, ते सांगायला नको. सीटचंही तसंच. आतला फोम चुरा होतो आणि वरचं चामडं कडेने उचललं जातं. सेल्ले इटालियाची टर्बो, सान मार्कोची कॉनकॉर या सीट अलीकडच्या उत्पादनात मिळत असतील तर त्या घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

ॲल्युमिनिअमचं गणित उलटं आहे. त्याला वर्षं थकवत नाहीत, भार थकवतो. प्रत्येक पेडलच्या दाबाबरोबर त्याचं थोडंथोडं आयुष्य खर्च होतं. कंपान्योलोच्या नुओवो रेकॉर्ड या मालिकेतल्या क्रँकचं, म्हणजे पेडलच्या दांड्याचं, एक दुखणं जगजाहीर आहे: उजव्या बाजूला, जिथे चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) धरणारे पाच हात मुख्य दांड्याला मिळतात, त्या बेचक्यात बारीक भेग पडते. वापरलेल्या क्रँकने आधीच्या मालकाच्या पायाखाली किती हजार किलोमीटर सोसलेत, ते आपल्याला कळत नाही. पेटीपॅक क्रँकचं मात्र सगळं आयुष्य शिल्लक असतं. इथे जुना माल खरोखर नव्यासारखा. तरी बेचक्यातली तीक्ष्ण कड कारखान्यातूनच आलेली आहे, तेव्हा भिंगाखाली पाहून मगच बसवावं. डिरेलरचं, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचंही असंच: बहुधा आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, रॉकेलमध्ये धुवून नवीन ग्रीस भरलं की पन्नास वर्षांपूर्वीसारखा चालतो.

आता रीइश्यूची बाजू. इथे गोंधळ होतो तो मापांचा. नाव आणि घाट तेच असले तरी आतलं माप तेच असेलच असं नाही. इटालियन सायकलींची मापं तर मुळातच हट्टी. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो त्या भागाचे) आटे ३६ मिलिमीटर गुणिले २४, म्हणजे इंचाला २४ आटे, त्याचं शेल, म्हणजे फ्रेममधली आडवी नळी, ७० मिलिमीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवेच. इंग्लिश पद्धतीत शेल ६८ आणि उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणून त्या बाजूचा कप (ॲक्सलच्या बेअरिंगची वाटी) पेडल मारताना सैल होत नाही. इटालियन कप होतो, घट्ट आवळून ठेवावा लागतो. फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चाकांच्या संचाचे) इटालियन आटे ३५ गुणिले २४, इंग्लिश जवळपास ३४.८. इतकं जवळ, की एकावर दुसरं चढतं आणि तिथेच हबचे आटे खराब होतात. कंपान्योलोच्या हबवर हे माप कोरलेलं असतं. धूळ पुसून तेवढं वाचलं की प्रश्न मिटतो.

माझी अडचण झाली ती हँडलमध्ये. एका विक्रेत्याकडून ‘१९७४, पेटीपॅक’ असं लिहिलेला चिनेल्ली या इटालियन कंपनीचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा भाग, घेतला. पेटी उघडली तर स्टेमवर पंख असलेला ‘सी’. चिनेल्ली कंपनी १९७०च्या दशकाच्या शेवटी फ्रेमच्या कोलंबस नळ्या बनवणाऱ्या कोलोंबो घराण्याकडे गेली, त्यानंतर हा लोगो आला. १९७४ साली तो असणं शक्यच नाही. म्हणजे सांगितला तसा जुना माल तो नव्हताच. पण खरा त्रास पुढे. माझं हँडल मधोमध २६.४ मिलिमीटरचं होतं, चिनेल्लीचं जुनं माप. हा स्टेम २६.० चा. ०.४ मिलिमीटर, दोन पोस्टकार्डांइतकी जाडी. स्टेमचं तोंड जरा फाकवून बसवता आलं असतं, पण ते करू नये. फाकवलेल्या ॲल्युमिनिअमला तडा जायला वेळ लागत नाही. उलट प्रकारात, २६.० चं हँडल २६.४ च्या स्टेममध्ये घातलं, तर बोल्ट कितीही आवळा, ब्रेकवर जोर आला की हँडल खाली फिरतं. तेव्हा मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसलो, आणि आता प्रत्येक भाग पेटीतून काढल्यावर आधी मोजतो.

जुना माल खरा आहे का, ते भाग स्वतःच सांगतो. नुओवो रेकॉर्डच्या मागच्या डिरेलरवर ‘पेटंट ७८’ असं काहीतरी असतं, तो आकडा म्हणजे उत्पादनाचं वर्ष. हबच्या लॉकनटवर ‘कॅम’ आणि वर्षाचे दोन आकडे सापडतात. खरोखर न वापरलेल्या क्रँकचं चौकोनी भोक आतून एकसारखं मंद दिसतं. एकदा जरी ॲक्सलवर बसला असेल तर चारही भिंतींवर चमकदार पट्टे उमटतात. हँडलच्या मधोमध स्टेमच्या कडेचा वण पाहा. आणि डिरेलरच्या छोट्या चाकांचे दात: वापरलेल्या चाकांचे दात टोकदार होत जातात, कोऱ्यांचे बोथट असतात.

मग सायकल उभी करताना मी काय करतो? डिरेलर, ब्रेक, हब, क्रँक जुन्या साठ्यातले शोधतो. हुड, टायर, सीट, ब्रेकच्या तारा आणि टो-क्लिपचे पट्टे हल्लीच्या उत्पादनातले. चेनरिंगवर मात्र मनाची ओढ एकीकडे आणि गुडघे दुसरीकडे. १४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर बोल्ट असलेल्या क्रँकला ४१ दातांहून लहान चेनरिंग बसत नाही, आणि नुओवो रेकॉर्डचा डिरेलर मागचं दातेरी चाक साधारण २६ दातांच्या पुढे गेलं की कुरकुर करतो. किआंतीच्या मातीच्या चढावर हे गणित जड आहे, आपल्याकडच्या घाटातही. त्यासाठी काही जण घाट जुना पण बोल्टांचं वर्तुळ लहान असलेला नव्या बनावटीचा क्रँक लावतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त पुढे तीच सायकल विकताना तो क्रँक ‘पेटीपॅक जुना’ म्हणून विकू नये.

तो पंखांचा स्टेम अजून माझ्याकडे आहे. २६.० चं हँडल मिळालं की दुसऱ्या फ्रेमवर लावणार आहे. पेटीवरचं ‘१९७४’ मात्र पेनाने खोडून ठेवलंय.