फुकटचा गेम फोनमध्ये घेण्याआधी
आमच्या मोबाईल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा फोन सुरू करून देताना बरेच ग्राहक म्हणतात, "डोक्याला चालना मिळेल असा एखादा साधा गेमही टाकून द्या." आम्ही आनंदाने टाकून देतो. पण गेम पारखायचा कसा, हे तुमचं तुम्हाला जमलं तर जास्त बरं, म्हणून हे पत्रक.

उदाहरणाला २०४८ नावाचा आकड्यांचा गेम घेऊ. इटलीच्या गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या तरुणाने मार्च २०१४ मध्ये तो तयार केला आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे आज प्ले स्टोअरवर २०४८ शोधलं की एकाच खेळाची ढीगभर अ‍ॅप्स समोर येतात. नियम बहुतेकांत तेच असतात. चार बाय चारची १६ घरं, बोट सरकवाल त्या बाजूला सगळे आकडे जातात, सारखे दोन भेटले की त्यांची बेरीज होते, आणि असं करत २०४८ हा आकडा गाठायचा. खेळ तोच असल्यामुळे कोणतं अ‍ॅप खेळू देतं आणि कोणतं खिशात हात घालतं, हे दोन-तीन अ‍ॅप्स शेजारी ठेवली की लगेच कळतं.

आधी खेळ बघा

हरल्यावर आपलं कुठे चुकलं ते सांगता आलं पाहिजे. आमच्या मते चांगल्या कोड्याची हीच खरी खूण. २०४८ मध्ये प्रत्येक चालीनंतर एक नवा आकडा येतो, दहांत नऊ वेळा २ आणि एखाद्या वेळी ४. नशिबाचा भाग एवढाच. बाकी सगळं तुमच्या हातात.

समजा, तळाच्या ओळीत डावीकडून ५१२, २५६, १२८, ६४ असे लावलेत. ओळ भरलेली आहे तोवर डावी-उजवीकडे कितीही सरकवा, हे चार जागचे हलत नाहीत. पण वरची मांडणी अडली, नाइलाजाने सगळं वर सरकवावं लागलं आणि ५१२ च्या खाली कोपऱ्यात २ येऊन बसला, तर तो डाव सावरणं कठीण. पुढच्या डावात तुम्ही ती वेळ येऊ देत नाही. २०४८ पर्यंत पोचायला साधारण साडेनऊशे चाली लागतात, घड्याळ मागे लागलेलं नसतं, आणि मध्येच फोन खिशात टाकला तरी काही बिघडत नाही. एसटीच्या प्रवासात यासारखा खेळ नाही.

याउलट २०१२ साली आलेल्या कँडी क्रश सागाची रचना बघा. पाच 'लाइफ', म्हणजे खेळायच्या संधी, मिळतात, त्या संपल्या की अर्ध्या तासाला एक परत येते. थांबायचं नसेल तर पैसे मोजायचे. खेळ रंजक आहे, पण अडलेली पातळी विचाराने सुटणार की खरेदीने, हा प्रश्न अशा गेममध्ये स्वतःला जरूर विचारा.

मग अ‍ॅप बघा

इन्स्टॉल करण्याआधी 'जाहिराती' आणि 'अ‍ॅपमधील खरेदी' हे शब्द नावाखाली आहेत का ते वाचा. खरेदी असेल तर ती किती रुपयांपासून किती रुपयांपर्यंत, हेही माहितीत दिलेलं असतं. इन्स्टॉल झाल्यावर फ्लाइट मोड लावून एक डाव खेळा. आकड्यांच्या कोड्याला इंटरनेट लागत नाही. नेटशिवाय अ‍ॅप उघडतच नसेल, तर ते बहुधा जाहिरातींसाठी अडून बसलंय. कॉन्टॅक्ट, लोकेशन किंवा माइकची परवानगी मागितली तर सरळ नकार द्या.

जाहिराती असणं गैर नाही, बनवणाऱ्यालाही पोट आहे. डाव संपल्यावर एक जाहिरात आली तर चालेल. पण चाल खेळताना मध्येच पूर्ण स्क्रीन झाकणारी, फुलीचं बटण कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं ठेवणारी आणि बोट जरा चुकलं की दुसऱ्याच अ‍ॅपच्या पानावर नेणारी जाहिरात असेल, तर ते अ‍ॅप काढून टाका. लहान मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या हातात तर ते देऊच नका.

पैशांची काळजी

फोन मुलांच्या हाती जात असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची विनंती करा. 'खेळा आणि पैसे जिंका' म्हणणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

खरेदीचं हे कुलूप लावता येत नसेल तर फोन घेऊन दुकानात या. फोन आमच्याकडून घेतलेला नसला तरी लावून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.