केळीचा डाग (खान्देश)

केळीच्या खोडातून, पानांतून व घडाच्या दांड्यातून गळणाऱ्या चिकाने कपड्यावर पडणारा तपकिरी ते काळा डाग. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळीपट्ट्यात घरच्या धुण्यातला सर्वांत हट्टी डाग हाच. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, या डागाची ख्याती मात्र ज्या घरात बाग आहे त्या घराच्या मोरीत त्याआधीपासूनच आहे.

ताजा चीक पाण्यासारखा पातळ आणि जवळजवळ बिनरंगी असतो, त्यामुळे बागेत असेपर्यंत अंगावर काय सांडले ते कळतच नाही. घरी येईस्तोवर तो वाळतो आणि रंग धरतो. घड वाहणाऱ्याचा खांदा व पाठ, पिले (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापणाऱ्याच्या पायजम्याचा खालचा भाग, केळफूल तोडणाऱ्याच्या बाह्या अशा त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. धुणे भिजवणाऱ्या बाईला डागाच्या जागेवरून कोणी आज काय काम केले ते ओळखता येते.

चिकात टॅनिनसारखी द्रव्ये असतात. हवा लागली की ती ऑक्सिजनशी संयोग पावून तपकिरी होतात, सुती धाग्याला घट्ट धरून बसतात आणि लोखंडाचा अंश मिळाला तर काळी पडतात. गंजलेली बादली किंवा पत्र्याचे पिंप म्हणूनच या कपड्यांना वर्ज्य. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी हिरड्यातले टॅनिन मुद्दाम वापरत आले आहेत. केळीच्या बागेत तीच क्रिया कोणी न सांगता शर्टावर होते.

डाग पक्का होण्यात घरच्या सवयींचाही वाटा मोठा आहे. कपडा आला की थेट साबण चोळायचा, जास्त मळका दिसला तर धुण्याचा सोडा टाकून गरम पाण्यात भिजवायचा, ही रीत इतर मळाला ठीक आहे, पण चिकाला उलटी पडते. साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात व अल्कात ही द्रव्ये अधिक वेगाने काळवंडतात. पहिल्या धुण्यानंतर डाग वाढल्यासारखा दिसतो तो यामुळेच. खरा उपाय साबणाच्या आधी करायचा असतो. कपडा वाळू न देता गार पाण्यात खंगाळावा, डागावर लिंबाचा रस किंवा किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाचे पाणी चोळून थोडा वेळ ठेवावे, स्वच्छ पाण्यातून काढावे आणि मगच साबण लावावा. रॉकेलवर अनेकांचा भरवसा असतो. चिकट थर त्याने सुटतो, पण रंग तसाच राहतो, शिवाय वास आणि आगीची भीती मागे उरते. वाळून जुन्या झालेल्या डागावर पांढऱ्या सुती कपड्यापुरता ब्लीचचा उपयोग होतो, तोही बहुधा अर्धामुर्धा. क्लोरीनचे ब्लीच आणि लिंबूसत्व किंवा कोणतेही आम्ल एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

अनुभवी घरे डाग काढण्याच्या फंदात फारशी पडत नाहीत. बागेचे कपडे वेगळे ठेवले जातात: आधीच डागाळलेला एक शर्ट, एक पायजमा, डोक्याला जुने उपरणे. हे कपडे वेगळ्या बादलीत भिजतात, कारण ताज्या चिकाचे पाणी शेजारच्या कपड्यालाही रंग देते. वॉशिंग मशीन असलेल्या घरातही ही बादली सुटलेली नाही.

खान्देशातील अनेक गावांत व शहरांत नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे धुण्याचा दिवस नळावर ठरतो. एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले असा क्रम लागतो व उरलेले पाणी मोरी किंवा अंगण धुवायला जाते. या हिशोबाला अर्धस्वयंचलित मशीन सोयीचे, कारण त्यात पाणी हाताने भरता येते आणि तेच पाणी दुसऱ्या घाण्यालाही चालते. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात, फेस येत नाही आणि पांढरे कपडे करडे दिसू लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम. धुण्याच्या बाबतीत त्यातली दुसरी मर्यादा गाठलेले पाणी म्हणजे साबणाची नासाडीच. येथे डिटर्जंट पावडर वडीपेक्षा बरी पडते.

इतर डागांचे तंत्र सोपे आहे. काळ्या मातीचे कण फार बारीक; चिखल ओला असताना चोळला की ते धाग्यात शिरतात, म्हणून वाळवून झटकावा आणि मग भिजवावा. शेवभाजीच्या तर्रीत तेल आधी, रंग नंतर: कोरड्या कपड्यावरच भांड्यांचा साबण चोळून तेल सोडवावे. लग्नातली हळद साबण लागताच लालभडक होते आणि नवख्याची धांदल उडते. तो अल्काचा परिणाम आहे. खंगाळल्यावर लाली बरीच उतरते, उरलेला पिवळेपणा ऊन खाते. भुसावळकडच्या उन्हाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही. चिकावर या उन्हाचा उपयोग नाही. डाग राहिलेला कपडा वलणीवर टाकला की तो आणखी पक्का होतो.

वर्षातले सर्वांत मोठे धुणे श्रावणात, कानबाई ही खान्देशातली देवी घरी बसण्याआधी निघते. घर सारवून-पुसून झाल्यावर अंथरूण-पांघरूण, गोधड्यांसकट सगळे धुवायचे असते. पाऊस असतो, ऊन नसते आणि भिजलेली गोधडी दोघींनी मिळून पिळावी लागते. बागेची बादली त्या दिवशी सगळ्यांत शेवटी.