लंडनचे जुने व्हायोला एवढे कमी का उरलेत

व्हायोला म्हटलं की "ते मोठं व्हायोलिन ना?" एवढ्यावर आपलं संपतं. पण सतराशेच्या आसपासचा लंडनचा एखादा व्हायोला निघाला की जाणकार लगेच सरसावून बसतात, आणि त्यामागे कारण आहे.

तिकडे तेव्हा खरा मान होता तो व्हायल या वाद्याला. गुडघ्यात धरायचं, साधारण सहा तारा, मानेवर पडदे. इंग्लंडच्या राजा आठव्या हेन्रीने 1540 मध्ये इटलीहून वादक आणवले तेव्हापासून दरबारात आणि मग मोठ्या घरांमधून हेच वाजत होतं, व्हायोलिन म्हणजे नाचगाण्याच्या साथीचं वाद्य, थोडं खालच्या पायरीवरचं! 1660 मध्ये राजा दुसरा चार्ल्स हद्दपारीतून परत आला आणि त्याने फ्रान्सच्या राजाची नक्कल करत दरबारात 24 व्हायोलिनवाल्यांचा ताफा उभा केला, तिथून वारं फिरलं.

वाद्यं बनवणारा बराक नॉर्मन याच काळातला. सेंट पॉल चर्चच्या आवारात त्याचं दुकान, दारावर बास व्हायलची पाटी, आणि शेजारी आगीत जळालेलं कॅथेड्रल नव्याने उभं राहत होतं. हात बसलेला व्हायलवर, त्यामुळे काठाची दुहेरी नक्षी, नावाच्या अक्षरांची गुंफण वगैरे व्हायलची सजावट त्याच्या बाकीच्या वाद्यांवरही दिसते. 1715 च्या सुमारास नथॅनिएल क्रॉस भागीदार झाला, मग वाद्याच्या आत दोघांच्या नावाची चिठ्ठी लागायला लागली. 1724 ला नॉर्मन गेला.

आता मूळ मुद्दा. व्हायोलाचा सूर व्हायोलिनपेक्षा पाच स्वर खाली, त्या हिशोबाने पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ लाकडी अंग, बरीच मोठी हवी, पण तेवढी खांद्यावर धरणार कोण? जुने कारागीर तरी मोठेच बनवायचे, इंग्रज त्याला टेनर म्हणायचे. पुढे वादकांना डाव्या हाताने वरचे सूर गाठायची वेळ आली आणि मग या टेनरच्या पेट्या वरून-खालून कापून लहान केल्या गेल्या, सर्रास. उलट काही छोट्या व्हायलांनाच नवी मान बसवून व्हायोला केलं. त्यामुळे आज हातात आलेलं वाद्य जन्मापासून व्हायोला आहे का आणि त्याला करवत लागलीये का, हे आधी बघतात, चिठ्ठी नंतर. (चिठ्ठी काय, कुणीही चिकटवतं.)

गंमत म्हणजे 1930 च्या दशकात लायोनेल टर्टिस या इंग्रज वादकाला भरदार आवाज हवा होता म्हणून त्याने आर्थर रिचर्डसन या कारागिराकडून व्हायोलाचं पावणेसतरा इंची मॉडेल बनवून घेतलं, आणि तोपर्यंत जुने मोठे टेनर कापून झाले होते.